फोटो उडवून नळाला पाणी येत नसतं

परवा लातूरहून आत्याचा फोन. "सकाळपासून दीड हजार फोटो उडवले बघ. पाणी वाचवायले." घरच्या ग्रुपवरच्या मेसेजचा प्रताप: जुने फोटो, ईमेल डिलीट करा, डेटा सेंटरचं (म्हणजे आपली माहिती साठवणाऱ्या सर्व्हरांच्या, मोठ्या संगणकांच्या इमारतीचं) पाणी वाचेल, मराठवाड्याचा दुष्काळ हटेल, एआयला एक प्रश्न म्हणजे अर्धा लिटर पाणी, डार्क मोड (काळी स्क्रीन) लावा. आणि वर, फोटो-ईमेल पुसायला 'ब्रिटन सरकारनंच सांगितलंय'.

डार्क मोडनं वाचलीच तर तुमच्या फोनची बॅटरी वाचेल, तीही काळा भाग विझवून ठेवणारी ओएलईडी स्क्रीन असली तर. पुढं चला.

आत्याचे फोटो होते फोनच्या मेमरीत. बॅकअप तिनं कधी चालूच केलेला नाही. जे डेटा सेंटरात गेलेच नाहीत, ते पुसून तिथलं पाणी कसं वाचणार? 'ट्रॅशही रिकामी करा' असं मेसेजात बजावलेलं. त्यात आजोबांचा बैलजोडीसोबतचा एकुलता एक फोटो गेला. आता कुणाला धरायचं?

आणि क्लाउडवर, म्हणजे डेटा सेंटरात, असते तरी काय? पाणी लागतं ते राबणाऱ्या सर्व्हरची उष्णता काढायला. कूलिंग टॉवरमधून त्याची वाफ होते. पडून असलेला फोटो सर्व्हरला राबवत नाही, आणि तो पुसला म्हणून डिस्क फिरायची थांबत नाही. शिवाय सेंटर जिथं, पाणी तिथलं. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हा रात्र-रात्र घागरी घेऊन टँकरची वाट बघितलेल्या बाईला हे सांगता?

'ब्रिटन सरकारनंच सांगितलंय' हे मात्र खरं. ऑगस्ट 2025 च्या तिथल्या दुष्काळ-पत्रकात तो सल्ला आहे, पण त्यानं किती पाणी वाचेल याचा आकडा नाही. पाणी वाचवायच्या उपायांच्या त्याच यादीत गळक्या फ्लशचा आकडा आहे: दिवसाला 200 ते 400 लिटर वाया.

अर्ध्या लिटरचं अर्धं खरं आहे. 2023 च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात तेवढं पाणी एका नव्हे, कितीतरी प्रश्नांना मिळून होतं. गूगल म्हणतं, एका प्रश्नाला पाच थेंब. वीज बनवताना लागणारं पाणी त्यात धरलेलं नाही, तेव्हा तेही जपूनच घ्या. डेटा सेंटरं पाणी पितात, नाही कोण म्हणतं? पण ते वाचवायचं तर रिकामे चालणारे सर्व्हर बंद करा, थंडावा बेतानं ठेवा. यंत्रात जाणारी हवा 27 अंशांपर्यंत चालते, असं अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचं मानक सांगतं. आमच्या सर्व्हर रूममध्ये एसी 18 वर आणि ऑपरेटर मे महिन्यात स्वेटर घालून.

आत्याकडचा फ्लश दिवाळीपासून गळतोय. प्लंबर उद्या येतो म्हणालाय.