टेक्सासच्या वाळवंटातील 'बंद पडलेल्या' प्राडा दुकानाविषयी खुलासा

अमेरिकेतील टेक्सास राज्यात मार्फा या गुरेपालकांच्या छोट्या गावी प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने महागडे दुकान थाटले आणि गिऱ्हाईक न मिळाल्याने ते कायमचे बंद पडले, असा मजकूर एका छायाचित्रासह सध्या फिरत आहे. छायाचित्र खरे आहे. मजकूर मात्र चुकीचा आहे.

ही वास्तू दुकान नसून 'प्राडा मार्फा' नावाची कलाकृती आहे. एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट या कलाकारद्वयीने ती 2005 मध्ये उभारली. तिचे दार उघडण्यासाठी बनवलेलेच नाही, त्यामुळे तेथे विक्री कधीच झाली नाही. आत मांडलेले जोडे व पिशव्या त्याच वर्षीच्या संग्रहातील असून कंपनीने त्या प्रदर्शनासाठी दिल्या होत्या. उद्घाटनानंतर लगेच तेथे चोरी झाली होती; नव्याने मांडलेले सर्व जोडेही केवळ उजव्या पायाचे आहेत, ही खबरदारी मोठी मार्मिक म्हणावी लागेल.

नावात मार्फा असले, तरी ही वास्तू त्या गावात नाही; ती यू.एस. 90 महामार्गालगत, व्हॅलेंटाइन या आणखी लहान वस्तीजवळ आहे. कंपनीच्या नावामुळे राज्याच्या परिवहन विभागाने 2013 मध्ये तिला विनापरवाना जाहिरात ठरवले होते, परंतु 2014 मध्ये तिला कलासंग्रहालयाचा दर्जा देऊन तो वाद मिटवण्यात आला. दुकान असते, तर असा दर्जा मिळालाच नसता.

तरी छायाचित्र पाठवायचेच असल्यास कृपया 'बंद पडलेले दुकान' हा मजकूर वगळावा आणि जुना संदेश पुढे पाठवू नये.