पेटंट म्हणजे मानवी हक्क नव्हे, दादा

गावच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, की पेटंट (शोध दुसऱ्यानं वापरू नये म्हणून सरकार देतं तो हक्क) हा संशोधकाचा मानवी हक्क आहे, सरकारनं दुसऱ्या कंपनीला तेच औषध बनवू दिलं की ती सरळ चोरी, आणि भारत असंच वागत राहिला तर नवी औषधं इथं येणारच नाहीत. धडाधड अंगठे पडलेत त्याच्यावर, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे मानवी हक्काला एक्स्पायरी नसते. पेटंटला असते, अर्ज केल्यापासून 20 वर्षं, आणि मधी फी भरली नाही तर त्याच्या आधीच जातं. जगायचा हक्क कुणी अर्ज करून, फी भरून घेत नाही. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम 27 मधी शोध लावणाऱ्याचं हित जपायचं म्हटलंय, हे खरंय, पण त्याच कलमात त्याच्या आधी लिहिलंय की विज्ञानाच्या फायद्यात प्रत्येकाचा वाटा आहे. मेसेजात नेमकं तेच गाळलंय.

आता चोरी. 2012 ला बायर कंपनीच्या नेक्सावर गोळीवर आपल्याकडच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला, म्हणजे पेटंटवाल्यानं नाही म्हटलं तरी सरकारनं दिलेली बनवायची परवानगी. लिव्हर आणि किडनीच्या कॅन्सरची गोळी. महिन्याला 120 गोळ्या, बायरचा भाव 2,80,428 रुपये, नॅटकोनं द्यायच्या 8,880 ला, आणि वर बायरला 6 टक्के रॉयल्टी. नॅटकोनं आधी बायरकडं रीतसर परवानगी मागितली होती, ती नाकारली म्हणून अर्ज केला. रॉयल्टी देऊन कुणी चोरी करतं का ओ? आणि 'असंच वागत राहिला' म्हणताय, तर औषधासाठी असा परवाना भारतात आजवर एवढा एकच दिलाय.

राहिला नव्या औषधांचा मुद्दा. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिस कंपनीला ग्लिव्हेक या ब्लड कॅन्सरच्या गोळीचं पेटंट नाकारलं ते औषध नवं होतं म्हणून नाही, तर जुन्याच औषधाचं नवं रूप होतं आणि त्यानं गुण जास्त येतो हे सिद्ध झालं नाही म्हणून. तेव्हा ग्लिव्हेक महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास होतं, आपल्याकडच्या कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजाराला.

आमच्या काकांना ब्लड कॅन्सर आहे, दीड एकर हळद, यार्डात सौदा झाला की त्यातनं वर्षाच्या ह्याच स्वस्त गोळ्यांचे पैसे काकी आधी बाजूला काढते, मग बाकीचं. रोज रात्री जेवण झालं की ती तांब्याभर पाणी घेऊन समोर बसते, कारण डॉक्टरांनी सांगितलंय ही गोळी भरपूर पाण्याबरोबरच घ्यायची, आणि पट्टी उलटी करून किती उरल्या ते मोजते. दादा, मागच्या महिन्यात ती पट्टी तूच मिरजेच्या मेडिकलमधनं आणून दिलीस.