नासकं मांस, मिरी आणि तुमची कमेंट

नमस्कार. मसाल्यांनी युरोपचं जेवण आणि जगाचा व्यापार कसा बदलला यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली, ती पुन्हा पुन्हा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की "मध्ययुगात युरोपातले लोक नासकं मांस खायचे आणि त्याचा वास मारायला त्यांना मसाले लागायचे, हे शाळेतलं पोरही सांगेल. एवढी साधी गोष्ट सोडून लेखक राजेरजवाड्यांच्या थाटाच्या गोष्टी सांगत बसलाय. आधी वाचन वाढवा, मग लिहा." शिवाय बांदा बेटांवरची (आजच्या इंडोनेशियातली) डचांनी केलेली कत्तल थोडक्यात उरकली, गुजराती आणि अरब व्यापारी विसरले, नकाशा दिला नाही, आणि एकूणच लेख म्हणजे युरोपचं गुणगान आहे.

मतभेदाला माझी कधीच ना नसते, इथले जुने वाचक ते जाणतात. पण "वाचन वाढवा" हा मुद्दा होत नाही हो, ही दुसऱ्याला गप्प बसवायची रीत झाली. तुम्ही मला ओळखत नाही, मी काय वाचतो तुम्हाला माहीत नाही, आणि तरी दोन ओळींत माझी लायकी ठरवून मोकळे झालात. "शाळेतलं पोरही सांगेल" म्हणता, तर शाळेतल्या पोराला जे सांगितलं जातं ते तपासायला नको का कुणी? मी तेच केलं होतं लेखात, आणि त्याचाच तुम्हाला राग आलाय असं दिसतंय.

आता नासक्या मांसाबद्दल. माझ्या वडिलांचं मटणाचं दुकान होतं, कराडकडे. लहानपण त्या दुकानाच्या मागच्या खोलीत गेलं आणि तेव्हा आमच्याकडे फ्रीज वगैरे काही नव्हतं. वडील सकाळी दुपारपर्यंत खपेल एवढंच कापायचे, उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि चुकून उरलंच तर आई त्याच्या पट्ट्या करून मीठ-हळद लावून उन्हात दोरीवर वाळवायची. पुढे मी स्वतः हॉटेलच्या किचनमध्ये बरीच वर्षं काढली. त्यामुळे खराब झालेलं मटण म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. त्यात मूठभर मिरी घाला, लवंग घाला, जायफळ किसून घाला, ते मटण खराबच राहतं, वासही राहतो आणि खाणारा आजारी पडायचा तो पडतोच. मांस टिकवायला मीठ लागतं, ऊन लागतं, धूर लागतो, व्हिनेगर लागतं. हे कराडच्या खाटकाला कळत होतं तसं फ्लॉरेन्सच्या आणि लंडनच्या खाटकालाही कळत होतं, तिकडेही थंडीच्या तोंडाला जनावरं कापून मांस खारवून ठेवायचीच पद्धत होती. आणि खराब मांस विकणं हा तिथे गुन्हा होता. चौदाव्या शतकातल्या लंडनमध्ये असा विक्रेता सापडला तर त्याला चौकात खोड्यात अडकवून ते सडकं मांस त्याच्या नाकाखाली जाळायचे. नासकं मांस लोक रोजचंच म्हणून चवीने खात असते तर असली शिक्षा कुणी कशाला ठेवली असती?

पैशाचा हिशोबही करून बघा ना. पंधराव्या शतकात लंडनमधल्या कुशल सुताराच्या एका दिवसाच्या मजुरीत एक पौंड मिरी यायची नाही. लवंग, जायफळ तर त्याहून महाग, कारण लवंग पिकायची फक्त आजच्या इंडोनेशियातल्या तर्नाते, तिदोर आणि आजूबाजूच्या मोजक्या बेटांवर, आणि जायफळ-जायपत्री फक्त बांदा बेटांवर. तिथून जावा, मलाक्का (आजच्या मलेशियातलं बंदर), मलबार किंवा गुजरात, मग तांबडा समुद्र, अलेक्झांड्रिया, व्हेनिस, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आपला नफा आणि जकात घेणार. ज्याच्या खिशात हे विकत घ्यायला पैसे आहेत त्याला ताजा बकरा विकत घेणं अवघड नव्हतं. आणि ज्याला ताजं मांस परवडत नव्हतं त्याच्या घरात जायफळ येणारच नव्हतं.

बरं, त्या काळात हे मसाले जात कशात होते तेही बघा. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड, त्याच्या स्वयंपाक्यांनी 1390 च्या सुमारास लिहिलेल्या पाककृती आजही उपलब्ध आहेत. मसाले माशात आहेत, बदामाच्या दुधात आहेत, फळांत आहेत. जेवण झाल्यावर दालचिनी-आलं-लवंग घातलेली गोड वाइन प्यायची. ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत मांस बंद असायचं तेव्हासुद्धा मसाले चालूच. मग त्या दिवशी कुठला वास झाकत होते? खरं कारण वैद्यकातलं आणि प्रतिष्ठेचं. मासा थंड आणि ओला, मिरी उष्ण आणि कोरडी, दोन्ही एकत्र आले की पोटाला बाधत नाही, असं त्यांचे वैद्य सांगायचे. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात पुस्तक छापलं, त्यातही मिरी-लवंग-जायफळ येतात ती औषधी द्रव्यं म्हणून. आणि पाहुण्यांपुढे केशर-दालचिनीने भरलेलं ताट ठेवणं ही श्रीमंती दाखवायची रीत होती. तुम्ही ज्याला थाटाच्या गोष्टी म्हणता त्याच या व्यापारामागचं कारण होत्या.

आणि माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा, ज्याला तुम्ही हातही लावलेला नाही, तो हा. 1498 ला वास्को द गामा कालिकतला पोचला, नंतर 1602 मध्ये डचांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली, इंग्रजांची त्याच्या थोडी आधी, आणि सतराव्या शतकात मिरी जहाजं भरभरून युरोपात यायला लागली. भाव पडले, साध्या माणसाच्या घरातही मिरी आली. आणि नेमकं तेव्हाच फ्रान्सच्या श्रीमंतांनी मसाले ताटातून काढायला सुरुवात केली. 1651 मध्ये ला वारेन या फ्रेंच स्वयंपाक्याचं पाककृतींचं पुस्तक आलं, त्यात लोणी आहे, मशरूम आहेत, बागेतल्या हिरव्या पाल्याचा वास आहे, मांसाचा अर्क काढून केलेले सॉस आहेत, आणि मसाला अगदी हात राखून. आज ज्याला आपण फ्रेंच जेवण म्हणतो त्याची ही सुरुवात. आता तुमची थिअरी लावून दाखवा. 1651 मध्ये मांस नासायचं बंद झालं का? फ्रीज यायला अजून दोनशेच्या वर वर्षं होती! बदलली ती किंमत. सगळ्यांना मिळायला लागलं तेव्हा त्यातला मोठेपणा गेला आणि मोठ्या लोकांनी वेगळी चव शोधली. मसाले मग सरकले गोडात, जर्मनीतल्या न्युर्नबर्गच्या नाताळच्या केकसारख्या बिस्किटांत, डचांच्या स्पेक्युलास नावाच्या मसालेदार बिस्किटांत, चीजमध्ये. नेदरलँड्समध्ये आजही फ्लॉवरच्या भाजीवर जायफळ किसतात. एवढं सगळं लिहिलं होतं मी, आणि त्यावर तुमचं उत्तर काय, तर नासकं मांस.

राहिलं गुणगान. हा शब्द मला खरंच लागला. बांदावर 1621 मध्ये डच कंपनीच्या यान पीटरसून कूनने काय केलं ते मी लिहिलंय. सुमारे 15,000 लोकवस्तीतली जेमतेम हजारभर माणसं तिथे उरली, जमिनीचे तुकडे पाडून डच मालकांना दिले आणि गुलाम आणून जायफळाच्या बागा चालवल्या. पुढे लवंगेचा भाव टिकावा म्हणून मोलुक्काच्या (तर्नाते, तिदोर, बांदा याच बेटसमूहातली) इतर बेटांवरची लवंगेची झाडं तोडली, तीही लोकांच्या परसातली. याच कंपनीने 1637 मध्ये आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली, ती पडकी इमारत अजून उभी आहे. आणि याच कंपनीचे शेअर ॲमस्टरडॅममध्ये विकले गेले, कंपनीचं एकूण भांडवल 64 लाख गिल्डरच्या (डचांचं जुनं नाणं) आसपास, त्यात व्यापाऱ्यांबरोबर घरकाम करणाऱ्या बाईचेही पैसे होते. 1609 मध्ये इझाक ल मेअर या व्यापाऱ्याने हातात नसलेले शेअर विकून भाव पाडायचा खेळ केला आणि 1610 मध्ये त्यावर बंदी घालावी लागली. आजच्या शेअर बाजाराची मुळं जायफळाच्या रक्तात आहेत असं मी सरळ लिहिलं होतं. ह्याला गुणगान म्हणायचं असेल तर तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलेला नाही, हे मला म्हणावंच लागेल. दुसऱ्याला वाचन वाढवायला सांगणाऱ्याने निदान समोरचा लेख तरी पूर्ण वाचावा.

गुजराती आणि अरब व्यापाऱ्यांचा विषय मोठा आहे. मलाक्का त्यांच्याशिवाय चाललंच नसतं, पण माझा लेख युरोपच्या स्वयंपाकघराबद्दल होता आणि एका लेखात सगळं जग कोंबता येत नाही. बाकी शुद्धलेखनाबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावर वेळ घालवत नाही.

नकाशा हवा होता, हे मात्र मान्य. तर्नाते, तिदोर, बांदा ही नावं नुसती वाचून कुणालाच दिशा कळत नाही. शनिवारपर्यंत लेखात टाकतो.

तुमची कमेंट मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुराव्यानिशी काही असेल तर जरूर लिहा. "आधी वाचन वाढवा" अशाच भाषेत परत आलात तर मी उत्तर देणार नाही.