टाकी जेवढी, मासा तेवढा

सीताबर्डीतल्या दुकानात पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो माझ्या करंगळीएवढा होता. "शार्क आहे भाऊ. आन् घाबरू नका, टाकी जेवढी, मासा तेवढाच वाढते," दुकानदार म्हणाला. चिरंजीवांच्या कानात 'शार्क' एवढाच शब्द शिरला आणि सौदा पक्का झाला. एक 60 रुपयांना, जोडी 100 ला. मी हिशेबी माणूस, जोडी घेतली.

घरी आल्यावर कळलं, शार्कशी याचं दूरचंही नातं नाही. हा मेकाँग नदीतला मांजरमासा, पंगॅशियस. पाठीवरच्या टोकदार पराच्या जोरावर शार्क म्हणून खपतो. मोकळ्या पाण्यात सव्वा मीटरपर्यंत वाढतो, वजन 40 किलोच्या वर जातं. आणि आमची टाकी 3 फुटी! हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो तो बहुतेकदा हाच. मागे एका रिसेप्शनला बासा फिंगर समोर आले, तेव्हा पोराने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुमान पनीरच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

अंगाने दांडगा, पण काळजाने उंदीर. कुकरची शिट्टी झाली की काचेवर धडक. मिक्सर लावला की धडक. रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावला, धडक. धडकेनंतर तळाशी आडवा पडतो तो थेट मयतासारखा. पहिल्या वेळी पोराने रडून घर डोक्यावर घेतलं, मी तुळशीजवळ खड्डा खणला, आणि चिखलाचे हात घेऊन आत आलो तर स्वारी फेऱ्या मारत होती. तो खड्डा आम्ही वर्षभर बुजवला नाही. उगाच पुन्हा पुन्हा कोण खणणार?

दोन वर्षांत एकेक जण फूटभराचा झाला. टाकीची रुंदीही फूटभरच. त्यामुळे वळायचं म्हणजे इतवारीच्या गल्लीत ट्रक वळवण्यासारखं, आधी मागे, मग थोडं पुढे, मग शेपटी घासत. बायको म्हणाली, "अहो, क्लीनर ठेवा एखादा."

त्यात नागपूरचा मे महिना. याला 26 च्या आसपासचं पाणी मानवतं, आणि बाहेर 45! बर्फाच्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवल्या. फ्रीजरमध्ये कुल्फीला जागा उरली नाही. शेवटी कूलरचं तोंड टाकीकडे वळवलं आणि आम्ही गच्चीवर झोपायला गेलो. नवतपात एका दुपारी लाइट गेली, पंप बंद. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. शेजारच्या छोट्या टाकीतल्या दोन गोल्डफिश संध्याकाळपर्यंत गेल्या (खड्डा कामी आला). हे दोघे मात्र दर थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेत होते आणि खाली जात होते. पाण्यातला प्राणवायू संपला तर बाहेरची हवा गिळायची सोय निसर्गाने यांना दिली आहे. मला नाही दिली. मी पुठ्ठ्याने वारा घेत बसलो होतो.

पावसाळ्यात पुन्हा दुकान गाठलं. "परत घ्या."

"एवढा मोठा घेते कोन भाऊ? फुटाळ्यात सोडून द्या ना."

चिरंजीव आता सातवीत. परका मासा तलावात सोडला की तिथल्या माशांचं खाणं-राहणं हिरावतो, हे त्याने दुकानदाराला भर गिऱ्हाइकांत समजावलं. मला खरं तर फुटाळ्याचा सल्ला पटत आला होता. पण पोरासमोर बापाला तत्त्वं असावी लागतात. आम्ही 6 फुटी टाकी सांगून परतलो. 2 फूट रुंद, 2 फूट उंच, म्हणजे पावणेसातशे लिटर पाणी. ती ठेवायला हॉलमधून दिवाण काढावा लागला. दिवाण आईचा.

आई आठ दिवस त्या टाकीशी बोलली नाही. नवव्या दिवशी दाणे टाकताना दिसली.

परवा वर्ध्याचे मामाजी आले. हॉलमध्ये दिवा बंद, पडदे ओढलेले. चहा चाचपडत प्यायला. मामाजींनी त्यांच्या शेतीच्या केसचा विषय काढला, तसा आवाज चढला.

"हळू बोल ना रे," आई कुजबुजली, "घाबरते तो."

तेवढ्यात मामाजींचा मोबाइल वाजला. धडाम झालं आणि झाकण उडून तांब्याभर पाणी त्यांच्या सदऱ्यावर आलं. आई लगबगीने टॉवेल घेऊन उठली आणि टाकीची काच पुसू लागली.