संमेलनाध्यक्ष निवडावा कोणी?

वाचनालयासमोरच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने 2018 मध्ये घटनादुरुस्ती करून अध्यक्षपदाची निवडणूक बंद केली, ही आमच्या वकीलसाहेबांच्या मनातली जुनी सल आहे. सूचक, अनुमोदक, अर्जमाघार, मतमोजणी असे सारे उघडपणे होत असे, आता घटक, समाविष्ट व संलग्न संस्था नावे सुचवतात आणि बैठकीत एक नाव ठरते, याला निवड म्हणायचे की नेमणूक, असा त्यांचा सवाल होता.

मास्तर उसळलेच. "उघडपणे कसले, वकीलसाहेब? कोट्यवधी मराठी भाषकांच्या वतीने मत देणारे जेमतेम हजार-अकराशे. 1992 च्या कोल्हापूर संमेलनासाठी याच पद्धतीने इंदिरा संतांना हरवून रमेश मंत्री निवडून आले, हे विसरलात काय?" गठ्ठामतांच्या आरोपांची उजळणीही त्यांनी केली. (मंत्रींचे विनोदी लेखन आम्ही आवडीने वाचले आहे, पण त्या निकालाचे समर्थन कट्ट्यावर आजवर कोणी केलेले नाही.)

ग्रंथपालबाईंनी वेगळाच हिशेब मांडला. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष अशा चारच स्त्रिया 1878 च्या पहिल्या संमेलनापासून 2018 पर्यंत अध्यक्ष झाल्या, तर 2019 च्या यवतमाळपासून 2025 च्या दिल्लीपर्यंतच्या सात संमेलनांत अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर अशा दोघी. वकीलसाहेब यावर क्षणभर गप्प झाले, परंतु चांगली नावे आली म्हणून पद्धत चांगली ठरत नाही, उद्या याच बंद खोलीतून भलतेच नाव आले तर जाब कोणाला विचारायचा, हा त्यांचा मुद्दा मलाही पटला. कोणत्या संस्थेने कोणाचे नाव सुचवले आणि शेवटचे नाव कशासाठी पसंत पडले, एवढे तरी महामंडळाने लेखी जाहीर करावे, असे मी सुचवले.

"आणि ज्यांचे नाव मागे पडले त्या ज्येष्ठ लेखकाने ते वर्तमानपत्रात वाचायचे?" मास्तरांनी विचारले.

"इंदिराबाईंचा पराभवही वर्तमानपत्रात छापून आला होता," वकीलसाहेब म्हणाले.

"म्हणूनच तर पुढे कित्येक जण निवडणुकीच्या वाटेला गेले नाहीत," असे म्हणून मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.