पोखऱ्याला एकच दिवस? बेत बदला

तुमच्या नेपाळ सहलीच्या लेखात काठमांडूला तीन दिवस आणि पोखऱ्याला एकच दिलाय. हा बेत कृपा करून बदला. आम्ही ऑक्टोबरात साताऱ्याहून आई-बाबांना घेऊन गेलो होतो. पोखऱ्यात पहिले दोन दिवस नुसते ढग. फेवा तलावात नाव फिरवली, पण डोंगर म्हणून काही दिसेना. तिसऱ्या दिवशी पहाटे सारंगकोटच्या टेकडीवर गेलो. कुडकुडत चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभे होतो, तेवढ्यात माछापुच्छ्रे शिखराचं टोक आधी तांबूस, मग केशरी आणि बघता बघता लख्ख पांढरं झालं. आई हात जोडून उभीच राहिली, चहा तसाच निवला.

६,९९३ मीटरचं हे शिखर पवित्र मानतात, म्हणून त्यावर चढाईला परवानगी नाही. मला हे फार भावलं.

वयस्कर माणसांना न्यायला घाबरू नका. पोखरा साधारण ८२० मीटरवर, आपल्या साताऱ्याहून थोडंसंच उंच. काठमांडू जवळपास महाबळेश्वराएवढं. दोन्ही शहरांत रस्त्याने २०० किलोमीटरच, पण घाटाचा रस्ता, अख्खा दिवस धरा. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र आठवणीने घ्या.