तुरुंगातल्या माणसाला पत्र : फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

‘कैद्याला फक्त रक्ताचे नातेवाईकच पत्र लिहू शकतात, पाकिटात शंभरची नोट ठेवली की लवकर पोचतं’ असा मेसेज सध्या मराठवाड्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक.

मित्रही पत्र लिहू शकतो. मात्र प्रत्येक पत्र तुरुंगात उघडून वाचलं जातं, आणि आक्षेपार्ह वाटलं तर अधीक्षक ते अडवू शकतात. म्हणून खटला, साक्षीदार, इतर कैदी यांच्याबद्दल चकार शब्द नको. पाऊस, कापसाचा भाव, वाचलेलं पुस्तक, हे बिनधास्त लिहा.

नोट तर मुळीच नको. पैसे द्यायचेच असतील तर त्या तुरुंगाची रीत आधी विचारा, पाकिटातून नाही. अंतर्देशीय पत्रात तर काहीच घालायचं नसतं, तसं त्यावरच छापलेलं असतं.

खरी गडबड पत्त्यात होते. ‘हर्सूल जेल’ एवढंच लिहून भागत नाही. कैद्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. माहीत असेल तर कैदी क्रमांक. मग ‘द्वारा अधीक्षक, मध्यवर्ती कारागृह, हर्सूल, छत्रपती संभाजीनगर’ आणि पिनकोड. एकाच नावाची दोन माणसं आत असू शकतात, वडिलांचं नाव तिथं कामी येतं. कच्चा कैदी बीड किंवा नांदेडच्या जिल्हा कारागृहातून दुसरीकडे हलवला गेला असेल, तर पत्र मागं राहतं. लिहिण्याआधी वकिलाला किंवा घरच्यांना विचारा.

अनोळखी माणसाला पहिलंच पत्र असेल तर घरचा पत्ता टाळलेला बरा. एखाद्या संस्थेमार्फत लिहीत असाल तर उत्तरासाठी तिचा पत्ता द्या. उत्तराला महिनाही लागतो, रागावू नका.